अमेरिकेतल्या छोट्या गावची शाळा: पहिल्या वर्षी मुलांना ॲक्टिव्हिटीजमध्ये कसं घालायचं

लेकीला सातवीत आणि लेकाला तिसरीत घेऊन आम्ही आयोवात आलो तेव्हा गावाची वस्ती होती साधारण चार हजार, आजूबाजूला नुसता मका आणि सोयाबीन, आणि मराठी सोडाच पण भारतीय म्हणावं असं दुसरं घर नाही. मोठ्या शहरातल्या मैत्रिणी फोनवर सांगायच्या की मुलांना कोडिंगचा क्लास लाव, टेनिसचा प्रायव्हेट कोच बघ, पण इथे तसलं काही नसतंच. इथे जे काही आहे ते शाळेत आहे. खेळ शाळेत, बँड शाळेत, नाटक शाळेत आणि शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या फुटबॉल ग्राउंडवर (इथलं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडच्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात). हे मला कळायला दीड वर्ष गेलं आणि ते दीड वर्ष लेक रोज साडेतीनला घरी येऊन खोलीचं दार लावून बसायची. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय. आमचा अनुभव आयोवाचा आहे, नियम राज्याराज्यात बदलतात, पण नेब्रास्का, कॅन्सस, इंडियाना, कुठल्याही छोट्या गावात गेलात तरी एकंदर गाडं असंच चालतं.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. छोट्या शाळेला तुमचं मूल हवं असतं. मोठ्या शहरातल्या दोन-तीन हजार मुलांच्या हायस्कूलमध्ये टीममध्ये येण्यासाठी ट्रायआउट असतात, निम्मी मुलं घरी जातात. आमच्या हायस्कूलमध्ये एका इयत्तेत सगळी मिळून साठ-पासष्ट मुलं. त्यांनाच फुटबॉल खेळायचं, त्यांनाच बँडमध्ये वाजवायचं, त्यांनाच नाटकात काम करायचं. आमच्याकडे होमकमिंगच्या (जुने विद्यार्थी परत येतात त्या वार्षिक सोहळ्याच्या) मॅचला हाफ टाइममध्ये फुटबॉलचा पोरगा खांद्याचे पॅड न काढता बँडमध्ये उभा राहून ट्रॉम्बोन वाजवतो, त्याला कुणी हसत नाही, त्याच्याशिवाय बँडच होत नाही. काही शाळांत तर अकरा मुलंही जमत नाहीत म्हणून आठ जणांचं फुटबॉल असतं, आणि सहा जणांचं फुटबॉल तर १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या हेब्रॉन नावाच्या गावातच सुरू झालं, का तर तिथल्या छोट्या शाळांकडे पोरंच पुरत नव्हती. त्यामुळे "आमच्या मुलीला काही येत नाही हो" असं म्हणत लाजत बसू नका. येत नसलं तरी चालतं. खरंच चालतं.

कोण काय बघतं

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद नव्हे. गावाच्या नगरपालिकेपेक्षा ते वेगळं असतं, त्याचा स्वतःचा टॅक्स असतो, लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड असतं आणि बोर्डाने नेमलेला सुपरिंटेंडंट असतो. आयोवात अशी सुमारे सव्वातीनशे डिस्ट्रिक्ट आहेत, कित्येकांच्या नावात दोन-तीन गावांची नावं जोडलेली दिसतील, कारण मुलं कमी झाली तशा शाळा एकत्र आल्या. कधी दोन शेजारची डिस्ट्रिक्ट वेगळीच राहतात पण कुस्तीची किंवा स्विमिंगची टीम मिळून करतात. म्हणून "आपल्या शाळेत स्विमिंग नाही" असं मुलाने सांगितलं तर तिथेच थांबू नका, शेजारच्या गावाबरोबर शेअरिंग आहे का ते विचारा.

तुमच्या कामाची माणसं दोनच. एक म्हणजे ॲक्टिव्हिटीज डायरेक्टर, सगळे त्याला एडी म्हणतात, छोट्या शाळेत तोच असिस्टंट प्रिन्सिपलही असतो आणि तोच मॅचच्या दिवशी गेटवर तिकिटं फाडतानाही दिसतो. आणि दुसरी, खरं तर पहिली, ऑफिसमधल्या सेक्रेटरी बाई. कुठला फॉर्म कुठे द्यायचा, बस किती वाजता सुटते, कुठल्या कोचला इमेल दिसत नाही पण टेक्स्ट लगेच दिसतो, हे सगळं त्यांना माहीत असतं. मी पहिल्या वर्षी इमेलवर इमेल पाठवत बसले, कुणाचं उत्तर नाही आलं की मनाला लावून घ्यायचे, आपण नवीन म्हणून टाळतायत वगैरे. मग एक दिवस सरळ ऑफिसात जाऊन उभी राहिले तर दहा मिनिटांत तीन कोचना भेटवून आणलं त्या बाईंनी. छोट्या गावात समोर जाऊन बोललं की काम होतं, हे आपल्याला नवीन नाही, फक्त अमेरिकेत पण तसंच असेल असं वाटत नाही.

ऑगस्ट हातचा जाऊ देऊ नका

आयोवात कायद्याने २३ ऑगस्टच्या आधी शाळा सुरू करता येत नाही. पण हायस्कूलच्या फॉलच्या, म्हणजे पानगळीच्या सिझनच्या, खेळांची प्रॅक्टिस त्याच्या आधीच सुरू होते, साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे शाळा सुरू झाल्यावर बघू असं म्हणालात तर क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातून लांब पळायची शर्यत), व्हॉलीबॉल, फुटबॉल या सगळ्यांना तोवर दोन आठवडे झालेले असतात. मार्चिंग बँडचं तर त्याहून आधी, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला बँड कॅम्प असतो, भर उन्हात पार्किंग लॉटमध्ये पांढऱ्या रेघांवर चालायची प्रॅक्टिस.

आणि आता फिजिकल. याच्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण इथेच सगळे नवीन लोक अडकतात.

सातवीपासून पुढे कुठलाही शाळेचा खेळ खेळायचा तर वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी करून एक ठराविक फॉर्म भरून घ्यावा लागतो. पहिलं पान तुम्ही घरी भरायचं, त्यात घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय का, मुलाला पळताना कधी चक्कर आलीये का, दमा आहे का, असे प्रश्न असतात. ते प्रामाणिकपणे भरा, लपवून काही फायदा नाही, उलट दमा लिहिला की कोच इनहेलर किटमध्ये ठेवतो. दुसऱ्या पानावर डॉक्टरची सही. सही नाही तर प्रॅक्टिस नाही, एक दिवससुद्धा नाही, अगदी बाजूला उभं राहून स्ट्रेचिंग करायलाही आमच्या कोचने दिलं नाही.

लेक नववीत गेली तेव्हा मी पहिलं पान नीट भरलं, सही केली, फॉर्म ऑनलाइन अपलोड केला आणि झालं समजून बसले. सोमवारी सकाळी साडेसहाला ती नवे बूट घालून ट्रॅकवर गेली आणि सातला परत. दुसरं पान कोरं होतं. गावातल्या क्लिनिकला फोन केला तर सगळ्या गावाची मुलं त्याच आठवड्यात रांगेत, पहिली अपॉइंटमेंट अकरा दिवसांनी. अकरा दिवस ती रोज सकाळी उठून खिडकीतून त्या मुलींना आमच्या रस्त्यावरून पळत जाताना बघायची. म्हणून सांगते, मे किंवा जूनमध्येच फिजिकल उरकून टाका. सातवीत आणि बारावीत जाणाऱ्या मुलांना आयोवात काही लसी पण सक्तीच्या आहेत (सातवीला टीडॅप म्हणजे धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची आणि मेनिंजायटिसची, बारावीला मेनिंजायटिसची), ते त्याच अपॉइंटमेंटला करून घ्या. ॲन्युअल चेकअप बहुतेक इन्शुरन्समध्ये फुकट असतो, त्याच भेटीत डॉक्टरला फॉर्म पुढे करा आणि खोलीतून बाहेर पडायच्या आत दुसरं पान बघा. सही आहे का, तारीख आहे का. मग फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

फिजिकलबरोबर डोक्याला मार लागण्याबद्दलचा एक कन्कशनचा कागद पण सही करायला येतो. नुसती सही करू नका, मुलाला शेजारी बसवून वाचा. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पहिल्यांदा असा कडक कायदा केला आणि नंतर सगळ्याच राज्यांत कायदे आले, त्याचा सार असा की डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरने लेखी सांगितल्याशिवाय परत मैदानात नाही. आपली मुलं "आई मी बरा आहे" म्हणून लपवतात, कारण टीमला माणूस कमी पडेल ही भीती. लपवायचं नाही हे घरातूनच ठासून सांगितलेलं असावं.

काय निवडायचं

इथे वर्ष सिझनमध्ये कापलेलं असतं. फॉलला फुटबॉल, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री. विंटरला बास्केटबॉल आणि कुस्ती. स्प्रिंगला ट्रॅक, सॉकर, गोल्फ, टेनिस. आणि आयोवाची खासियत म्हणजे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल उन्हाळ्याच्या सुट्टीत असतात, तेव्हा जूनमध्ये भारतात जायचं तिकीट काढायच्या आधी मुलाला विचारा, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं यावरून फार मोठं रडारड प्रकरण झालं होतं.

ज्या मुलाने कधीच काही खेळलेलं नाही त्याच्यासाठी माझं ठाम मत क्रॉस कंट्री. यात कुणाला काढत नाहीत, नियम शिकायला लागत नाहीत, चांगल्या बुटांशिवाय काही विकत घ्यावं लागत नाही. सगळे एकाच वेळी पळतात आणि शेवटचं पोरगं येईपर्यंत दोन्ही गावांचे आईबाप दोरीपाशी उभे राहून ओरडत असतात. माझी लेक पहिल्या मीटला शेवटून तिसरी आली. घरी येताना गाडीत म्हणाली, आई, त्या दुसऱ्या शाळेच्या आज्जी माझं नाव विचारून माझ्या नावाने ओरडत होत्या. त्यानंतर तिला मी कधी उठवलं नाही, तीच पाचला उठायची. स्प्रिंगला ट्रॅकचं पण तसंच, कुणालाही घेतात, धावणं जमत नसेल तर गोळाफेक, थाळीफेक आहे.

मुलीला कुस्ती खेळायची असेल तर आता मुलींची वेगळी कुस्ती आहे, आयोवात २०२२ मध्ये तिला अधिकृत खेळाचा दर्जा मिळाला. आणि एकूणच मुलींना मुलांइतकी संधी द्यायलाच लागते, १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे त्यासाठी. आयोवात तर मुलींच्या खेळांची संघटनाच वेगळी आहे आणि ती १९२५ पासून आहे. कुणी "मुलींसाठी नाहीये" म्हणालं तर विश्वास ठेवू नका, एडीला विचारा.

खेळ नको असेल तर बँड. आमच्याकडे पाचवीत बँड सुरू होतो, काही ठिकाणी चौथीत किंवा सहावीत. त्याच्या आधी एका संध्याकाळी सगळ्यांना जिममध्ये बोलावतात आणि टेबलांवर वाद्यं मांडलेली असतात, मुलं एकेक फुंकून बघतात. लेकाला ड्रम हवे होते, वर्गातल्या अर्ध्या मुलांना ड्रमच हवे असतात. बँडच्या सरांनी त्याचे ओठ बघितले, युफोनियमचं (छोट्या ट्यूबासारखं पितळी वाद्य) माऊथपीस हातात दिलं, त्याने फुंकलं आणि म्हशीसारखा असा भरदार आवाज आला की सगळं जिम वळून बघायला लागलं. झालं, तेव्हापासून तो युफोनियम. सरांचं ऐका, त्यांना कुठल्या मुलाला काय जमेल ते पाहून कळतं आणि त्यांना कुठल्या वाद्याला माणूस नाही तेही माहीत असतं. मोठी वाद्यं, ट्यूबा, युफोनियम, बरेचदा शाळेचीच असतात. क्लॅरिनेट, फ्लूट, ट्रम्पेट दुकानातून महिन्याच्या भाड्याने घ्यायचे, रेंट टू ओन म्हणतात, भाडं किमतीत वळतं होतं. ऑनलाइन अगदी स्वस्तातलं चकचकीत क्लॅरिनेट दिसतं ते घेऊ नका, मोडलं तर दुरुस्त करायला कुणी हात लावत नाही. बँडचा पुढचा फायदा असा की हायस्कूलला तो दिवसाच्या तासात असतो, म्हणजे बस चुकली, गाडी नाही, आईबाप कामावर, काही असलं तरी मूल त्यात राहू शकतं.

बोलक्या मुलांसाठी स्पीच. आयोवात याची मोठी परंपरा आहे, जानेवारी ते मार्च स्पर्धा चालतात, आधी ग्रुपच्या मग एकेकट्याच्या. कविता, कथाकथन, रेडिओवरच्या बातम्या, आयत्या वेळचं बोलणं, असे कितीतरी प्रकार. घरी मराठी बोलतो म्हणून इंग्रजीचा ॲक्सेंट वेगळा असेल तर मुलं घाबरतात, पण जज गुण देतात ते सांगण्याला. आपल्याकडे गणपतीत मंडपात भाषण केलेली मुलं इथे सहज उभी राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि एफएफए, म्हणजे मूळची फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका. याचं नाव ऐकून मी पहिल्यांदा नाही म्हटलं, मनात म्हटलं आपल्याला काय शेती करायचीय. ती माझी चूक होती. १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत ही संघटना सुरू झाली ती शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच, निळं कॉर्डरॉयचं जॅकेट तिची ओळख, पण आज त्यात जनावरांचं आरोग्य, फूड सायन्स, माती परीक्षण, सभा कशी चालवायची याची स्पर्धा, भाषण, सगळं आहे. लेकीने माती ओळखण्याच्या स्पर्धेसाठी खड्ड्यात उतरून हाताने माती मळून चिकणमाती किती, वाळू किती हे सांगायला शिकलं. तिचे पणजोबा साताऱ्याकडे हेच करायचे, ढेकूळ हातात घेऊन. व्हिडिओ कॉलवर तिने आजोबांना ते करून दाखवलं तेव्हा आजोबांना काही बोलताच येईना. एक महत्त्वाचं, एफएफएमध्ये यायला शाळेत शेतीचा विषय घेतलेला असावा लागतो. तो हिवाळ्यात किंवा स्प्रिंगला पुढच्या वर्षीचे विषय भरताना घ्यावा लागतो, ऑगस्टमध्ये आठवलं तर वर्ग भरलेला असतो. फोर-एच हा मुलांचा क्लब वेगळा, तो शाळेचा नाही, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या एक्सटेन्शनतर्फे (विस्तार केंद्रातर्फे) काउंटीत चालतो, चौथी ते बारावी, आणि त्यात शिवणकाम, फोटोग्राफी, स्वयंपाक काहीही करून जुलैच्या काउंटी फेअरला मांडता येतं.

रोबोटिक्स, क्विझ बोल, इयरबुक, स्टुडंट कौन्सिल, हे शाळेशाळेवर आहे, विचारून घ्या. नसेल तर सुरू करता येतं. हायस्कूलमध्ये अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब चालत असेल तर दुसऱ्या मुलांच्या क्लबला विषय आवडला नाही म्हणून नाही म्हणता येत नाही, असा १९८४ चा केंद्राचा कायदा आहे. पण कायदा घेऊन भांडायला जायची वेळ बहुतेक येत नाही, एक तयार टीचर शोधली की बास.

पैसे

खेळाची फी, बँडच्या युनिफॉर्मची फी, ॲक्टिव्हिटी तिकीट, असं थोडं थोडं करत आकडा वाढतो. आयोवात मूल मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असेल तर शाळेच्या फीमध्येही माफी किंवा सूट द्यावी लागते, पण त्याचा वेगळा फॉर्म रजिस्ट्रेशनच्या वेळी भरायचा असतो. नवीन आल्यावर एकाच्या पगारावर घर चालतं तेव्हा हे विचारण्यात काहीही कमीपणा नाही, सेक्रेटरीशिवाय कुणाला कळतही नाही. कॅलिफोर्नियात तर सरकारी शाळेला अशी फीच घेता येत नाही, १९८४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलं. बूट, शिनगार्ड, जुने ट्रॅकसूट यासाठी कोचला विचारा, प्रत्येक कोचच्या कपाटात मोठ्या मुलांनी सोडलेल्या वस्तूंची एक पेटी असते.

वेळापत्रक आणि येणं-जाणं

मॅचचं वेळापत्रक आयोवातल्या बऱ्याच शाळा बाऊंड नावाच्या साइटवर टाकतात, कोचचे निरोप वेगळ्या ॲपवर, ग्रेड तिसऱ्याच ठिकाणी. सगळी ॲप पहिल्याच आठवड्यात टाकून घ्या आणि नोटिफिकेशन चालू ठेवा, कारण बर्फ पडला की दुपारी दोनला सगळं बदलतं. बुधवारी संध्याकाळी इथे चर्चची रात्र असते, शाळा सहसा त्या संध्याकाळी काही ठेवत नाही. त्यामुळे डेंटिस्ट, मुलांचे मित्र घरी बोलावणं, ऑनलाइन तबल्याचा क्लास, हे सगळं आम्ही बुधवारवर टाकलं.

दुसऱ्या गावी मॅचला शाळेचीच बस नेते आणि आणते. परत यायला कधी रात्रीचे अकरा वाजतात, दीड-दीड तासाचा रस्ता. बस वीस मिनिटांवर आली की मूल मेसेज करतं आणि मग पार्किंग लॉटमध्ये सगळ्या गाड्या इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या राहतात. बसमध्ये खायला काहीतरी द्या. टीमच्या जेवणात बहुतेक पिझ्झा किंवा मांस घातलेला पास्ता असतो, शाकाहारी असाल तर सिझनच्या सुरुवातीलाच कोचला एक वाक्य लिहून ठेवा, दर वेळी मुलाला सांगावं लागू नये. तुमच्या गाडीतून मुलाला परत न्यायचं असेल तर कोचकडच्या कागदावर सही करा, न सांगता नेऊ नका, मूल कुठे आहे ते कळेपर्यंत कोच बस हलवू शकत नाही.

दोघंही कामावर असाल तर सकाळच्या प्रॅक्टिसला कसं सोडणार हा खरा प्रश्न. आयोवात १४ व्या वर्षी लर्निंग परमिट मिळतं आणि ड्रायव्हर एज्युकेशन पूर्ण असेल तर साडेचौदाला शाळेत आणि शाळेच्या ॲक्टिव्हिटीला जाण्यासाठी मर्यादित लायसन्स मिळू शकतं. मला ऐकून धडकी भरली होती. आम्ही लेकीला सोळापर्यंत थांबवलं, तोवर दोन घरं पलीकडची अकरावीतली मुलगी तिला घेऊन जायची. विचारलं की लोक हो म्हणतात, पेट्रोलचे पैसे देऊ केले तर घेत नाहीत, दिवाळीत फराळाचा डबा मात्र आनंदाने घेतात.

नियम जे आधी माहीत हवेत

एखाद्या विषयात नापास झालं की ठराविक दिवस स्पर्धा बंद, हे जवळपास सगळीकडे आहे. टेक्सासमध्ये तर १९८४ पासून नो पास नो प्ले म्हणून कायदाच आहे. मुलाचा गणिताचा पेपर खराब गेला तर लगेच टीचरशी बोलायला लावा, टर्म संपल्यावर काही करता येत नाही.

भारतातून आठवी-नववीच्या मुलांना आणणाऱ्यांनी हे नीट वाचा. नववीत नाव घातलं की आठ सेमिस्टरचं, म्हणजे चार वर्षांचं, घड्याळ सुरू होतं, तेवढ्यातच हायस्कूलचे खेळ खेळता येतात. आणि वयाची अट असते, राज्याराज्यात वेगळी. ॲडमिशनच्या वेळी मूल कुठल्या ग्रेडमध्ये बसवायचं यावर काउन्सेलरशी बोलताना खेळाचा विचार मनात असेल तर तेव्हाच सांगा. तसंच शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये ओपन एन्रोलमेंटने घालायचं ठरवलंत तर आयोवात हायस्कूलच्या मुलाला बहुतेक वेळा पहिले ९० शाळेचे दिवस व्हार्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, खेळता येत नाही, काही अपवाद आहेत. घर बदलून खरोखर राहायला गेलात तर गोष्ट वेगळी.

शाळेत नाव घालताना व्हिसा विचारत नाहीत, १९८२ पासून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की कुठल्याच मुलाला त्यावरून सरकारी शाळा नाकारता येत नाही. पण एक गोष्ट मुलांना आधी समजावून सांगा. स्विमिंग टीमची मुलं उन्हाळ्यात लाइफगार्डची नोकरी करतात, बेसबॉलची मुलं लहानांच्या मॅचला अंपायर होऊन पैसे मिळवतात. एच-फोरवरच्या (आईबाबांच्या एच-वन नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलाला पगारी काम करता येत नाही. मित्रांसमोर अचानक कळण्यापेक्षा घरी आधी कळलेलं बरं. स्वयंसेवक म्हणून लायब्ररीत, फूड पँट्रीत जाता येतं आणि बऱ्याच शाळांत त्या तासांचा सिल्व्हर कॉर्ड ग्रॅज्युएशनला गळ्यात घालायला मिळतो.

आईबाबांचं काम

बूस्टर क्लबला, म्हणजे शाळेच्या टीमना मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाला, नाव द्या. कन्सेशन स्टँडवर (मॅचच्या वेळच्या खाण्याच्या स्टॉलवर) सिझनमध्ये दोनदा उभं राहायचं, पॉपकॉर्न, हॉट चॉकलेट, आणि वॉकिंग टाको म्हणजे चिप्सचं पाकीट फोडून त्यातच टाकोचं सारण घालून चमच्याने खायचं. मी चार वर्षं ते केलं. मला इथल्या लोकांची नावं, कुणाची आई आजारी, कुणाचं पीक गेलं, हे सगळं त्या खिडकीतून कळलं. आधी मॅचला आम्ही दोघं कोपऱ्यात बसायचो, नंतर लोक जागा धरून ठेवायला लागले.

मुलाला खेळायला कमी मिळतंय म्हणून राग आला तर त्याच रात्री कोचला गाठू नका, एक दिवस जाऊ द्या, बऱ्याच शाळांचा तसा लेखी नियमच असतो. आधी मुलाने स्वतः विचारायचं, मग तुम्ही, मग एडी, मग प्रिन्सिपल. दुसऱ्याच्या मुलाचं नाव काढायचं नाही. आणि एखादा कार्यक्रमच बंद होतोय, ऑर्केस्ट्रा किंवा उशिराची बस, असं कानावर आलं तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जा. ती सगळ्यांसाठी उघडी असते, मतदानाचा हक्क नसला तरी तिथे बोलता येतं, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं. मी उशिराच्या बससाठी बोलले होते, कागदावर लिहून, हात थरथरत होते. बोर्डावर बसलेले सात जण म्हणजे आमचा विमा एजंट, पोराची जुनी टीचर, समोरचा शेतकरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि बस आठवड्यातून तीन दिवस चालू राहिली.

शेवटचं, नावाचं. मॅचला, कॉन्सर्टला, सिनियर नाइटला (बारावीच्या मुलांच्या कौतुकाच्या संध्याकाळी) माइकवरून मुलाचं नाव वाचतात. आपली नावं त्यांना अवघड जातात म्हणून मुलं स्वतःच तोडून सांगतात, लेकीने दोन वर्षं अर्धंच नाव सांगितलं होतं. तुम्ही सिझनच्या आधी जो माइकवर बोलतो त्याला भेटा, नाव तोडून तोडून मोठ्या अक्षरात लिहून द्या, फोनवर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आमच्याकडे माइकवर एक रिटायर झालेले शॉपचे, म्हणजे शाळेच्या वर्कशॉपचे, सर असतात. त्यांनी ते रेकॉर्डिंग कन्सेशनच्या खिडकीशी उभं राहून माझ्यासमोर सात-आठ वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी म्हणून दाखवलं, 'ण' काही त्यांना जमला नाही पण बाकी सगळं नाव, वडिलांच्या नावासकट, बरोबर म्हणाले.